आवा पेटण्याआधी

वाचकाचं पत्र :

"ताई, मी उदगीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वय ३३. २०२२ साली उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा तीन दिवस मांडवात स्वयंसेवक होतो. तिथूनच कथेचं वेड लागलं. आता तालुक्यात कुठं कथाकथन असलं की मला बोलावणं येतं. मागच्या महिन्यात लातूरच्या पाण्याच्या रेल्वेवर कथा लिहिली. एक विधवा बाई मध्यरात्री घागर घेऊन स्टेशनवर जाते, रेल्वेच्या गळक्या वाघिणीखाली घागर धरते, पोलीस हटकतो, घागर फुटते आणि ती प्लॅटफॉर्मवर बसून रडते. ग्रुपवर टाकली तर दीडशे जणांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी घरी मित्र चहाला आले होते. त्यांच्यासमोर बायकोला सहज विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, 'खोटी वाटली.' तिचं माहेर लातूरचं, तेव्हा ती तिथंच कॉलेजात होती. म्हणाली, 'त्या उन्हाळ्यात रडायलेली बाई मला एक बी दिसली नाही. भांडायलेल्या दिसल्या.' मित्र हसले. तेव्हापासून मी तिला काही दाखवत नाही आणि ती विचारत नाही. घरच्या माणसानं तरी पाठीशी उभं राहू नये का? लिखाण घराबाहेरच ठेवावं का?
— एक कथाकार, उदगीर तालुका"

गुरुजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा तुमच्या बायकोच्या त्या वाक्यासाठी. राग मानू नका, पण कथेचा सारांश वाचून मला काही झालं नाही. बाई स्टेशनवर पोचायच्या आधीच मला कळलं होतं की घागर फुटणार. 'भांडायलेल्या दिसल्या' इथं आले आणि हातातला चहा निवून गेला.

आधी ती काय म्हणाली ते नीट बघू. कारण तुम्ही ते ऐकलेलंच नाही, तुम्ही मित्रांचं हसणं ऐकलंत.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्येच लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावावं लागलं, कारण पाण्यावरून डोकी फुटायची भीती होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. पुढं ५० वाघिणींच्या गाड्या यायला लागल्या. पण ते पाणी स्टेशनवर कुणाच्या घागरीत पडत नव्हतं. ते उतरवून घ्यायचं, शुद्धीकरणाला न्यायचं आणि मग टँकरनं गल्लोगल्ली सोडायचं. रेल्वे बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिली. दारात यायचा तो टँकर, आणि तोही आठ-दहा दिवसांनी. तुमची कथा रेल्वेच्या टोकाला उभी आहे. तुमची बायको टँकरच्या टोकाला उभी होती, ड्रम घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, स्टेशनच्या जागी गल्ली टाकतो. तेवढ्यानं भागणार नाही. तिनं जागा चुकली असं म्हटलेलं नाही. तिनं सांगितलं की बाई चुकली. प्लॅटफॉर्मवर बसून रडणारी बाई तुम्ही आमच्यासाठी रडवली आहे, वाचकाला बरं वाटावं म्हणून. पाण्याच्या कथेखाली 'डोळ्यात पाणी आलं सर' असं किती जणांनी लिहिलं, एकदा मोजून बघा. टँकरपाशी उभ्या असलेल्या बाईला रडायला फुरसत नसते हो. तिचा ड्रम कितवा आहे, पुढं घुसणारी कुणाची कोण, पाईप कुणी आधी धरला, घरी म्हाताऱ्या सासूला दार उघडता येईल का, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम चाललेलं असतं. आणि ती भांडते कुणाशी? जिच्याकडून परवाच वाटीभर साखर आणली तिच्याशीच. संध्याकाळी परत तिच्याच दारावरून जायचं असतं. थांबते. कथा तुमची आहे, मी लिहायला लागले.

तर तुमचा प्रश्न. घरच्या माणसानं पाठीशी उभं राहू नये का?

पोवाड्यात शाहिराच्या मागं झिलकरी उभे असतात. 'जी जी रं जी' म्हणायचं, शाहिराला दम खाऊ द्यायचा, सूर धरून ठेवायचा. मोठं काम आहे, मी त्याला हसत नाही. पण पोवाडा जमला का, हे कुठलाही शाहीर झिलकऱ्याला विचारत नाही. तुमच्या ग्रुपवरचे दीडशे जण झिलकरी आहेत. त्यातले काही तुमच्या हाताखालचे शिक्षक असतील, काहींना पुढच्या कथाकथनात आपलं नाव लागावं असं वाटत असेल, आणि बाकीचे आहेर परत करत असतील. म्हणजे कसं, की तुम्ही त्यांच्या कवितेला अंगठा दाखवलेला असतो, ते तुमच्या कथेला दाखवतात. हिशेब चुकता. (आणि तो 'निःशब्द!' असा शेरा. खरोखर निःशब्द झालेला माणूस टाइप कसं करतो, हे मला अजून उमगलेलं नाही.)

त्या माणसांना दोष नाही. गोष्ट सांगायची आपली जुनी रीतच अशी होती की टोकणारा माणूस आतच बसवलेला असायचा. आईचा गोंधळ आठवा. संबळ थांबतो, नायक आख्यान लावतो, आणि शेजारचा साथीदार मधेच तोंड घालतो. असं कसं झालं? अन् मग राणी काय जेवली? लोक हसतात, पण नायकाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणजे गोष्ट पक्की असावी लागते. माझी आजी रात्री गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोरांनी हुंकार द्यायचा असा नियम होता. 'हं' म्हणायचं. हुंकार सैल पडला की तिला कळायचं, पोरं झोपली किंवा गोष्ट झोपली. गोष्ट झोपली असं वाटलं तर ती लगेच राक्षस आणायची. आपण कागदावर लिहायला लागलो आणि समोरचा हुंकार गेला. मोबाईलवर तर वाईटच, तिथं हुंकार म्हणून जे येतं ते गोष्ट न वाचताही देता येतं.

आता माझी एक गोष्ट सांगते, फुशारकीची नाही.

मी परभणीला शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा कथा लिहायचे. घरात थोरली जाऊ. चौथीपर्यंत शिकलेली. मी रात्री स्वयंपाकघरात कथा वाचायचे आणि ती सुपात डाळ निवडत बसायची. ती काही बोलायची नाही. पण कथा लागली की तिचे हात थांबायचे. खडा बोटांत धरलेला तसाच राहायचा. कथा घसरली की हात परत चालू. मला वर बघावंसुद्धा लागायचं नाही, सुपाच्या आवाजावरून कळायचं. असा परीक्षक मला पुढं कुठल्या चर्चासत्रात भेटला नाही.

एकदा मी महालक्ष्म्यांच्या सणावर कथा लिहिली. आपल्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, तुम्हाला सांगायला नको. सुनेला दुपारी झोप लागते, स्वप्नात माहेर दिसतं, जागी होते तर उशी ओली, असं काहीतरी. मला वाटलं होतं फार नाजूक लिहिलंय. जाऊ सूप खाली ठेवून म्हणाली, "कामून गं, महालक्ष्म्यांच्या दिवशी हिला दुपारी झोपायला गावलं कसं? सोळा भाज्या कोण चिरायलंय?"

घरात सगळे खो खो हसले. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. चौथी शिकलेल्या बाईनं मला, एम.ए. झालेलीला, शिकवायचं? ती मात्र शहाणी. पुढच्या कथेला मी हाक मारली नाही आणि ती आली नाही. मी ती सणाची कथा तशीच एका दिवाळी अंकाला पाठवून दिली. छापून आली. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं, गंगाखेडकडच्या कुठल्याशा गावातून, बाईच्या अक्षरात. कथेबद्दल दोन बरे शब्द आणि खाली एक ओळ : 'बाई, त्या दिवशी झोपायला कुणाच्या घरी मिळतं, पत्ता कळवा.' ते पोस्टकार्ड मी कितीतरी वर्षं जाऊला दाखवलं नाही. दाखवलं तेव्हा ती हसलीसुद्धा नाही. "छापायच्या आधी सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाली आणि कुकरची शिट्टी मोजायला गेली.

छापायच्या आधी. ह्या दोन शब्दांसाठी मी तुम्हाला तेरला नेणार आहे. उदगीरहून काही फार लांब नाही, लातूर ओलांडलं की आलंच.

गोरोबाकाकांची आख्यायिका तुम्ही वर्गात दहा वेळा सांगितली असेल. तेरला संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईनं थापटणं पाहिलं आणि विचारलं, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं बघायला. मग आमची मडकीही बघा की! काकांनी उठून एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेवांना राग आला. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

लहानपणी मला ही नामदेवांच्या फजितीची गोष्ट वाटायची. पुढं एकदा कुंभाराच्या अंगणात बसून काम पाहिलं आणि गोष्ट उलटी झाली. थापटणं भाजलेल्या मडक्यासाठी नसतंच. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं. ते जरा सुकलं, पण अजून ओलसर आहे, तेव्हा कुंभार आतून दगडी गोळा धरतो आणि बाहेरून थापटण्यानं ठोकतो. ठोकून ठोकून ते पातळ होतं, गोल होतं. मग आवा लागतो, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. आव्यातून निघालेल्या मडक्यावर त्याच जोरानं थापटणं मारलं तर खापऱ्या गोळा कराव्या लागतील. म्हणजे त्या बैठकीत काकांनी नामदेवांना कच्चं म्हटलं, तर त्यात शिवी कुठं आहे? ज्याचं अजून काही करता येण्यासारखं आहे, असं एकच मडकं त्यांना त्या ओळीत सापडलं.

आणि तेही कुणाला? कीर्तनाच्या रंगी नाचणाऱ्या नामदेवांना, ज्यांच्यापुढं माणसं तासन् तास बसायची. नर्सीचा हा माणूस रागारागानं पंढरीला गेला आणि विठ्ठलाकडं गाऱ्हाणं केलं. गंमत बघा, ज्या देवानं आजवर लाडच केले, त्यानंही 'काका चुकले' म्हटलं नाही. पाठवलं ते विसोबा खेचरांकडं, औंढ्या नागनाथाला. तेर, नर्सी, औंढा, सगळी गावं आपल्याच मुलखातली. तुमचे मित्र ज्यावर हसले ते आपल्याकडं सातशे वर्षांपासून चाललेलं आहे.

तुमच्या बायकोनं थापटणं मारलं तेव्हा तुमची कथा ग्रुपवर गेली होती, हे खरं. पण पुस्तकात गेलेली नाही, अंकात गेलेली नाही. ग्रुपला मी आवा धरत नाही, ते नुसतं ऊन आहे. मडकं अजून ओलं आहे.

कुणीतरी तुम्हाला 'निंदकाचे घर असावे शेजारी' ऐकवेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. ती म्हण मला इथं लागू वाटत नाही. निंदकाला तुमचं मडकं फुटलं तरी चालतं, किंबहुना आवाज ऐकायला तो कान लावून बसलेला असतो. मी म्हणते ते माणूस वेगळं. त्याचा एक हात आतून असतो. तुमची कथा बिघडली तर त्याला वाईट वाटतं, आणि तरीही तो तोंडावर सांगतो. अशी माणसं आयुष्यात एखाद-दोनच मिळतात आणि ती कुठं मिळतील याचा नेम नाही. रणजित देसाईंना 'श्रीमान योगी'च्या वेळी ते नांदेडात मिळालं. नरहर कुरुंदकरांनी त्यांना शिवचरित्राबद्दल लिहिलेलं लांबलचक पत्रच कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. आपल्याला कुरुंदकर कुठून मिळणार? मला जाऊ मिळाली. तुम्हाला लातूरची लेक मिळाली आहे, आणि तुम्ही तिला चहा करायला आत पाठवलंत.

आता तुमच्या बाजूनंही बोलते. मित्रांसमोर 'खोटी वाटली' म्हणणं बरं झालं नाही. असं चार माणसांत ऐकलं की कुणालाही लागतं. पण गुरुजी, चार माणसांत विचारलं कुणी? तुम्हाला उत्तर नको होतं, दीडशेवर एकशे एक्कावन्नावा अंगठा हवा होता. तिनं प्रश्न खरा समजला, एवढाच तिचा गुन्हा.

आणि एक गोष्ट माझ्या मनाला जास्त टोचते. तुमच्या पत्रात 'ती विचारत नाही' असं एक वाक्य आहे. तुम्ही ते तक्रारीसारखं लिहिलंय. मला त्याची भीती वाटते. घरातल्या बाईला खरं बोलायचा खर्च येतो. जेवताना पडलेलं तोंड, आपटलेलं दार, दोन महिने न बोललेली गोष्ट, हे सगळं तिच्या बाजूनं मोजलं जातं. पुढच्या वेळी तुम्ही कथा दाखवाल आणि ती म्हणेल, 'छान आहे.' तुम्ही खूश व्हाल. तुमचा गोंधळातला साथीदार त्या दिवशी उठून गेलेला असेल आणि संबळ वाजतच राहील.

तेव्हा लिखाण घराबाहेर ठेवू नका. मित्र गेल्यावर, पोरं झोपल्यावर दाखवा. दाखवू नका, वाचून दाखवा. कागद हातात दिला की माणूस शाळेतल्यासारखा शुद्धलेखन तपासतो. आणि 'कशी वाटली' विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर पाहुण्यांना विचारलेल्या 'भाजी कशी झाली' सारखं ठरलेलं असतं. विचारा की कुठं कंटाळा आला. कुठं वाटलं की असं होत नसतं. मग गप्प बसा, हे सगळ्यात अवघड. तुम्ही शिक्षक, मीही शिक्षक, आपल्याला समजावून सांगायची खोड. 'तसं नाही गं, मला त्यातून असं म्हणायचं होतं' हे वाक्य तोंडात आलं की पाणी प्या. कथा छापून गेल्यावर तुम्ही काय प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन समजावणार आहात?

ती सांगेल ते सगळं ऐकायचं का? नाही. दुखतंय कुठं हे तिचं बरोबर असेल, औषध तिचंच बरोबर असेल असं नाही. माझी जाऊ म्हणाली होती की सुनेला झोपवू नको, भाज्या चिरू दे. मी पुढं कधीतरी ती कथा परत लिहिली तेव्हा भाज्या ठेवल्या नाहीत. सून आंबील ढवळता ढवळता उभ्याउभ्याच डोळा लागून हलते आणि पळी पातेल्यात पडते, एवढंच केलं. जाऊनं ऐकलं. सूप मांडीवर होतं, हात थांबलेले होते. ती कथा मी कुठं छापायला दिली नाही, का कोण जाणे. तसंच, तुमची बाई रडली पाहिजे असं तुम्हाला सगळं ऐकूनही वाटलं तर रडू द्या, पण भांडून झाल्यावर, घरी, ड्रम झाकल्यावर. आणि मग परत लातूरच्या लेकीला वाचून दाखवा. हे तिला पटतं का बघा, पटलं नाही तर तुमचं तुम्ही ठरवा. लेखक तुम्ही आहात.

ती कधी स्वतःहून काही सांगेल याची वाट बघू नका, पहिलं पाऊल तुमचं. कथेनं सुरुवात करू नका. त्या उन्हाळ्याबद्दल विचारा. टँकर किती वाजता यायचा, आंघोळीचं पाणी कशाला वापरायचात, परीक्षा कशी दिलीस. लग्नाला इतकी वर्षं झाली असतील आणि हे तुम्ही कधी विचारलेलं नसणार, माझा अंदाज. वही घेऊन बसू नका, नाहीतर तिला वाटेल सर्वेक्षण चाललंय, शिक्षकांना तेवढंच येतं.

आणि माझं एक काम करा. टँकरच्या रांगेत ड्रमांवर नंबर टाकलेले मी पाहिलेत, पण ते खडूनं टाकायचे की रंगानं, आणि शेजारणीनं रात्री नंबर पुसला तर पुढं काय व्हायचं, हे मला माहीत नाही. तिला विचारून कळवा.

तुमची,
ताई